दांडे काढायचे नाहीत

मागच्या पावसाळ्यात आमच्या चर्चमध्ये तीन दिवस संध्याकाळच्या सभा होत्या. बाहेरगावाहून आलेल्या वक्त्यांनी पहिल्याच दिवशी वेदीशेजारी एक मोठा कापडी तक्ता टांगला. निवासमंडपाचा, म्हणजे मिसरातून (इजिप्तमधून) निघालेल्या इस्राएल लोकांनी मोशेच्या पुढारपणाखाली वाळवंटात देवासाठी उभारलेल्या तंबूचा. चाळिशीच्या पुढच्या आम्हा सगळ्यांनी तो संडे स्कूलमध्ये पाहिलेला: पांढऱ्या कनातीचं लांबट अंगण, दारातून शिरल्यावर होमवेदी, मग हातपाय धुवायचं पितळेचं गंगाळ, मग तंबू. तंबूच्या पुढच्या भागात दीपवृक्ष, समक्षतेच्या भाकरींचं मेज, धूपवेदी. आणि अंतरपटाच्या मागे, परमपवित्रस्थानात, सोन्यानं मढवलेला कराराचा कोश, दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी.

वक्ते रंगात आले. हातात छडी. निळा रंग म्हणजे स्वर्ग, जांभळा म्हणजे राजेपण, किरमिजी म्हणजे रक्त, तलम पांढरं कापड म्हणजे निष्पापपण. तंबूच्या दाराचे पाच खांब म्हणजे इफिसकरांच्या पत्रातली पाच सेवाकार्यं. मेखासुद्धा सुटल्या नाहीत: अर्धी मेख जमिनीत, अर्धी वर, म्हणजे प्रभूचं मरण आणि पुनरुत्थान. लोक ‘आमेन’ म्हणत होते. दोनदा मीही म्हणालो, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी छडी खाली ठेवून त्यांनी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा पस्तिसावा अध्याय उघडला: ज्यांना ज्यांना मनापासून वाटलं, त्या बायाबापड्यांनी कुंडलं, अंगठ्या, सोनंनाणं आणून दिलं. वाचन संपलं तसे चर्च कमिटीचे सेक्रेटरी उठले, नव्या इमारतीचा आराखडा दाखवला, आणि पाकिटं फिरली.

पुढचा अध्याय कोणी वाचला नाही. छत्तिसाव्या अध्यायात कारागीर हातातलं काम टाकून मोशेकडे येतात आणि तक्रार करतात, की लोक लागतं त्यापेक्षा फार जास्त आणताहेत. मोशे छावणीभर दवंडी पिटवतो: आता कोणीही काही आणायचं नाही. लोक थांबतात. ‘निधी पुरा झाला, आता देऊ नका’ हे वाक्य मी माझ्या आयुष्यात कुठल्याही उपासनेत ऐकलेलं नाही.

निवासमंडपावर आपल्याकडे बोललं खूप जातं, पण दोनच तऱ्हांनी. एक तर प्रत्येक कडी-खुंटीत ख्रिस्त शोधायचा, नाहीतर त्याच्या नावानं बांधकामाला पैसे मागायचे. दोन्हींत मूळ गोष्ट हातची सुटते, असं माझं म्हणणं आहे. मूळ गोष्ट तक्त्यावर काढलेली होती. कोशाच्या दोन्ही बाजूंना चार कड्या आणि त्यांतून ओवलेले दोन लांब दांडे. निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायात त्यांच्याबद्दल एक लहानशी आज्ञा आहे: दांडे कड्यांतच राहू द्यायचे, काढायचे नाहीत.

बाकीच्या सामानालाही दांडे होते. होमवेदीला होते, मेजाला होते, धूपवेदीला होते. पण ते कायम अडकवून ठेवा, अशी आज्ञा फक्त कोशाच्या बाबतीत आहे. म्हणजे जी वस्तू सगळ्यात आत, सगळ्यात पवित्र, तीच कायम उचलून नेण्याच्या तयारीत. मुक्काम वर्षभराचा असो की दोन दिवसांचा, गणनेच्या पुस्तकात मंडपावरचा ढग, देव सोबत असल्याची ती खूण, कधी हलेल याचा काही नेम नाही. ढग उठला की तंबू उतरवायचा. मंडपाची सेवा करणाऱ्या लेवी वंशाच्या तीन घराण्यांपैकी गेर्षोनींना पडदे-कनाती वाहायला दोन गाड्या आणि चार बैल, मरारींना फळ्या-खांब-बैठका वाहायला चार गाड्या आणि आठ बैल. कहाथींना मात्र गाडी नाही, कारण कोश आणि पवित्र वस्तू त्यांनी खांद्यावरून न्यायच्या. देवाचं ओझं बैलावर ढकलायची सोय नव्हती.

आता गंमत बघा. पुढे शलमोनानं यरुशलेमेत दगडाचं मंदिर बांधलं, कोश आत नेऊन ठेवला, सगळं कायमचं झालं. तरी राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात कोणीतरी नोंद करून ठेवली आहे, की दांडे इतके लांब होते की त्यांची टोकं गाभाऱ्यापुढच्या पवित्रस्थानातून दिसत. दगडी मंदिरात, देवदारूच्या तक्तपोशीत, सोन्याच्या पत्र्यांमध्ये ती दोन टोकं. राजाला ती रोज खुपली असणार, असं मला वाटतं.

कारण मंदिराचा प्रस्ताव मुळात देवाकडून आलेला नव्हता. शलमोनाच्या बापाला, दावीद राजाला वाटलं, मी देवदारूच्या घरात राहतो आणि कोश कनातीत. त्यावर नाथान संदेष्ट्यामार्फत आलेलं उत्तर जवळजवळ थट्टेचं आहे: इस्राएलांना मिसरातून आणल्यापासून मी तंबूतूनच फिरतोय, मला देवदारूचं घर का बांधलं नाही असं मी कधी कोणाला विचारलं का? पुढे प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफन, पहिला ख्रिस्ती हुतात्मा, न्यायसभेसमोर हाच इतिहास सांगत जातो आणि हातांनी बांधलेल्या घरांत परात्पर राहत नाही या मुद्द्यावर येतो. थोड्याच वेळात त्याच्यावर दगड पडतात.

तक्त्यावर न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. निर्गमात मंडपाचा मजकूर सलग येत नाही. पंचवीस ते एकतीस या अध्यायांत सूचना, पस्तीस ते चाळीसमध्ये प्रत्यक्ष बांधणी, आणि मधल्या तीन अध्यायांत सोन्याचं वासरू, मोशे डोंगरावर असताना लोकांनी पूजेसाठी करून घेतलेलं. वासरासाठीही लोकांनी कानातलं सोनंच काढून दिलं होतं. तेच लोक, तेच कान, तीच हौस. म्हणजे लोक भरभरून देतात यावरून काम देवाचंच आहे असं काही सिद्ध होत नाही. वासरालाही वर्गणी भरपूर जमली होती. फरक असा, की लोकांना हवा तिथे, हवा तेव्हा समोर उभा राहणारा देव वासरातून मिळाला. मंडपात मात्र कधी निघायचं हे लोकांच्या हातात नव्हतं.

विद्वानांचा या मजकुरावरचा वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकात युलिउस वेलहाउझन या जर्मन पंडितानं मांडलं, की एवढा झगमगीत मंडप वाळवंटात शक्य नाही. मंदिराचंच चित्र नंतरच्या याजकांनी मागे नेऊन लावलं. दुसरीकडे काही अभ्यासकांनी मिसरकडे बोट दाखवलं. इ. स. पू. १२७४ च्या सुमाराची कादेशची लढाई दुसरा रामसेस या फारोनं अबू सिंबेलच्या भिंतीवर कोरून घेतली आहे. त्यात आयताकृती छावणी आहे, मधोमध राजाचा लांबट तंबू आहे, आतल्या दालनात राजाचं नाव आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पंख पसरलेले ससाणे. छावणीच्या मध्यभागी राजाचा डेरा, भोवती चारी दिशांना तुकड्या. इस्राएलाच्या बारा वंशांची मांडणीही अशीच. फक्त मिसरी तंबूत जिथे राजा आहे, तिथे इथे काय आहे? दोन करूब, म्हणजे पंखवाल्या स्वर्गीय प्राण्यांच्या आकृती, समोरासमोर, पंख पसरलेले. आणि त्यांच्यामध्ये, दयासनावर, म्हणजे कोशाच्या सोन्याच्या झाकणावर, कोणीही नाही. मूर्ती नाही, नाव कोरलेलं नाही. रिकामी जागा. तिथून मी तुझ्याशी बोलेन, असं देव मोशेला सांगतो.

मला या वादात बाजू घ्यायची गरज वाटत नाही. मजकूर जुना असेल तर तो फारोच्या डेऱ्याला दिलेलं उत्तर आहे. नंतरचा असेल, म्हणजे इ. स. पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्यानं मंदिर जाळल्यानंतर शेवटचा हात फिरलेला असेल, तर मंदिराची राख झालेल्या लोकांनी आठवण तंबूची जपली, हे जास्तच बोलकं आहे.

आता पैशाचं. अडतिसाव्या अध्यायावर मी अजून एकही उपदेश ऐकलेला नाही, कारण त्यात हिशेब आहे. मोशेच्या हुकमावरून, मोशेचा भाऊ अहरोन याचा मुलगा इथामार याच्या देखरेखीखाली लेव्यांनी केलेला. सोनं एकोणतीस किक्कार ७३० शेकेल, म्हणजे आजच्या मापानं साधारण टनभर. पितळ सत्तर किक्कार २,४०० शेकेल. चांदी शंभर किक्कार १,७७५ शेकेल, आणि ती कुठून आली तेही लिहिलंय: ६,०३,५५० पुरुषांनी प्रत्येकी अर्धा शेकेल दिला. गुणाकार करून पाहा, एक किक्कार म्हणजे ३,००० शेकेल. हिशेब शेकेलचाही फरक न पडता जुळतो. आकडा इतिहास म्हणून फारच मोठा वाटतो, ते सोडा. सांगणाऱ्याला काय सांगायचंय ते पाहा. या चांदीच्या शंभर बैठका ओतल्या, एकेक किक्काराची एक, आणि त्यांवर बाभळीच्या अठ्ठेचाळीस फळ्या आणि अंतरपटाचे चार खांब उभे राहिले. उरलेल्या १,७७५ शेकेलांच्या आकड्या आणि खांबांची मढवणी झाली. अर्ध्या शेकेलाबाबत आधीच स्पष्ट सांगितलं होतं: श्रीमंतानं जास्त द्यायचं नाही, गरिबानं कमी द्यायचं नाही. सोनं ज्याच्या त्याच्या ऐपतीनं आलं. पण अख्खा तंबू ज्याच्यावर उभा, तो पाया सगळ्यांच्या सारख्या पैशाचा. कोणाच्या नावाची फरशी नाही.

आपल्याकडे चर्चच्या ट्रस्टींचे वाद, मिशनच्या जमिनींच्या विक्रीवरून चाललेले दावे, धर्मादाय आयुक्तांकडे वर्षानुवर्षं पडून राहिलेले, विश्वस्त बदलल्याचे चेंज रिपोर्ट, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही ख्रिस्ती घरात जेवताना निघणारे विषय आहेत. अशा मंडळ्यांमध्ये निवासमंडपाचा रंगन्‌रंग उलगडतो आणि त्याच मंडपाचा जमाखर्च मात्र ‘रटाळ भाग’ म्हणून पुढे उलटला जातो. एकदा मी आमच्या वार्षिक सभेत सुचवलं, की वाचनाला निर्गम अडतीस घ्या. लोक हसले. पाळकसाहेबही हसले, पण जरा उशिरा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. देवानंच सोनं, तलम कापड, कोरीव काम मागितलं ना? मग सुंदर चर्चला विरोध कशाला? सौंदर्याला माझा विरोध नाही. यहूदा वंशातला बसालेल आणि दान वंशातला अहलियाब यांना देवानं कसब दिलं, असं शास्त्र सांगतं. कारागिराची एवढी बूज इतरत्र क्वचितच राखलेली असेल. पण ते सौंदर्य होतं कुठे? निळ्या-जांभळ्या-किरमिजी सुताचे, करूब विणलेले पडदे सगळ्यात आतले. त्यावर बकरीच्या केसांच्या कनाती, त्या बायकांनी कातलेल्या. त्यावर तांबडी रंगवलेली मेंढ्यांची कातडी, आणि सगळ्यात वर आणखी एक जाड कातडं. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला काय दिसायचं? एखाद्या धनगराच्या पालापेक्षा जरा मोठं, तपकिरी-काळपट काहीतरी. खर्च सगळा आतल्या अंगाला. आपण उलटं करतो. दर्शनी भाग ग्रॅनाइटचा आणि आत प्लास्टिकच्या खुर्च्या. ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात तर एका चर्चनं २०१४ मध्ये शलमोनाच्या मंदिराची प्रचंड प्रतिकृतीच उघडली. दांडे नसलेली.

बायकांवरून आठवलं. पितळेचं गंगाळ कशाचं केलं होतं? मंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांचं. त्या काळी आरसे म्हणजे घासून चकचकीत केलेलं पितळ. याजकानं आत जाण्याआधी हात धुवायला वाकावं आणि ज्या धातूत कालपर्यंत एखादी बाई आपला चेहरा बघत होती त्यावर पाणी हलावं. या एका ओळीत मेखांच्या शंभर अर्थांपेक्षा मला जास्त सापडतं.

मेखांतून असे अर्थ काढणं नवं नाही. पहिल्या शतकातल्या योसेफस या यहुदी इतिहासकारानं बारा भाकरींत बारा महिने आणि सात दिव्यांत सात ग्रह पाहिले. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी, कॉस्मास, पुढे संन्यासी झाला आणि त्यानं कडेलोटच केला. निवासमंडप हा विश्वाचा नकाशा, असं त्याचं म्हणणं. भाकरींचं मेज दोन हात लांब आणि एक हात रुंद, म्हणून पृथ्वीही सपाट आणि रुंदीच्या दुप्पट लांब. वर आकाशाची पेटीसारखी कमान. हाच कॉस्मास हिंदुस्थानच्या किनाऱ्याबद्दल लिहिताना ‘कल्लियाना’ नावाच्या बंदराचा आणि तिथल्या, इराणातून नेमून आलेल्या बिशपाचा उल्लेख करतो. अनेक अभ्यासक हे आपलं कल्याण मानतात. आपल्या भागातल्या ख्रिस्ती मंडळीबद्दल इतकी जुनी आणि मोलाची नोंद करणारा माणूस मेजाच्या लांबीरुंदीवरून पृथ्वी सपाट करून बसला. रूपकाचा नाद लागला की असं होतं.

‘पण नव्या करारातच मंडपाला ख्रिस्ताची छाया म्हटलंय’, हे म्हणणं खरं आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा गाभाच तो आहे. पण ते पत्र नीट वाचा. नवव्या अध्यायात लेखक दीपवृक्ष, मेज, कोश, मान्ना ठेवलेलं पात्र, करूब अशी यादी देतो आणि म्हणतो, यांच्याबद्दल आता तपशीलवार बोलता येत नाही. बस्स. छडी खाली ठेवतो. त्याला एकाच गोष्टीत रस आहे: अंतरपट. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, फक्त प्रमुख याजक, तोही रक्त घेतल्याशिवाय नाही. आणि ती वाट येशूनं सर्वांसाठी कायमची उघडली, हा त्याचा दावा. ख्रिस्ती विश्वास इथेच यहुदी वाचनापासून वेगळा होतो आणि तो फरक मला पुसायचा नाही. मंडप म्हणजे ‘देव जवळ आहे’ असं नुसतं गोड वाक्य नव्हतं. अंगण, पवित्रस्थान, परमपवित्रस्थान अशी अंतरं होती, आणि अहरोनाचे मुलगे नादाब-अबीहू याजक असूनही परमेश्वरासमोरून निघालेल्या आगीत मेले. अंतर खरं होतं, म्हणूनच येशूच्या मरणाच्या वेळी मंदिरातला अंतरपट फाटणं ही बातमी ठरते.

मात्र ‘छाया’ या शब्दाचा एक दुरुपयोग ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतकं केला. छाया आमची, वस्तू आमची, आणि ज्यांचा ग्रंथ त्यांना काही कळलंच नाही, हा सूर. तो सूर लावणाऱ्यानं एकदा कोकणात जाऊन यावं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, तेल्यांना गाव ‘शनवार तेली’ म्हणायचा, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. त्या बंद घाण्याचा धागा सरळ मंडपापर्यंत पोहोचतो. निर्गमात मंडपाच्या सूचनांना लागूनच शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा येते: देवाच्या घराचं काम असलं तरी सातव्या दिवशी हात थांबले पाहिजेत. त्यावरूनच यहुदी धर्मशास्त्र्यांनी शब्बाथला वर्ज्य ठरणारी ३९ कामं मंडपाच्या उभारणीतल्या कामांशी जोडली. पुण्यातलं लाल देऊळ आपण येताजाता बघतो. डेव्हिड ससूननं बांधायला घेतलेलं हे सिनेगॉग १८६७ मध्ये पूर्ण झालं. त्याचं खरं नाव ओहेल दावीद, म्हणजे दावीदाचा तंबू. उंच मनोऱ्याच्या लाल विटांच्या इमारतीला तंबू म्हणण्याची हिंमत त्या लोकांत होती, आणि तो तंबू उभाही आहे कॅम्पात.

योहानाच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात वाक्य आहे: शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. मूळ ग्रीक क्रियापद तंबूवरून आलेलं आहे, तंबू ठोकून राहिला अशा अर्थाचं. आपल्या भाषांतरकारांनी ‘वस्ती’ हा शब्द निवडला आणि तो फार छान बसला. रात्रीच्या मुक्कामाला थांबणारी ती वस्तीची एसटी. सकाळी ती निघणार हे सगळ्यांना माहीत. आणि वस्ती म्हणजे गावाबाहेरची वस्तीसुद्धा.

हा दुसरा अर्थ आमच्या लोकांना शिकवावा लागत नाही. नगरला १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन आलं. पुढे खेड्यापाड्यांत ज्यांनी येशूचं नाव घेतलं ते बहुतेक महार आणि मांग होते. माझ्या आजोळचं चर्च गावकुसाबाहेर होतं, एक खोली, शेणानं सारवलेली. आठवडाभर शाळा आणि रविवारी उपासना, फळा तोच. वासराच्या प्रकरणानंतर, हा मोठा मंडप बांधण्याआधी, मोशेनं दर्शनमंडप नावाचा तंबू छावणीच्या बाहेर, दूर नेऊन ठोकला होता, असं निर्गमाचा तेहतिसावा अध्याय म्हणतो. ज्याला परमेश्वराला विचारायचं असेल त्यानं छावणी सोडून तिकडे जायचं. इब्रीकरांच्या पत्राचा शेवटही तिथेच येतो: येशूनं वेशीबाहेर दुःख सोसलं, तर आपणही छावणीच्या बाहेर त्याच्याकडे जाऊ. त्या खोलीतून निघालेली मुलं शिकली, पुण्या-मुंबईला आली, आणि आता आम्ही गावाच्या मध्यभागी प्लॉट बघतोय. बघू नये असं मी म्हणत नाही. पाऊस आमच्याही डोक्यावर गळतो, पत्रे खरंच सडलेत. पण त्या इमारतीला ‘देवाचं घर’ म्हणून पाकिटं फिरवायची असतील तर छत्तिसावा आणि अडतिसावा अध्यायही त्याच उपासनेत वाचला जावा, आणि किती रकमेला ‘पुरे’ म्हणायचं ते काम सुरू होण्याआधी फळ्यावर लिहिलं जावं.

शेवटच्या दिवशी सभा संपल्यावर मी त्या वक्त्यांना चहा नेऊन दिला आणि विचारलं, “साहेब, सगळ्याचा अर्थ सांगितलात, त्या दांड्यांचा राहिला.”

त्यांनी तक्त्याकडे वळून पाहिलं. “ते काय, उचलून न्यायला.”

“काढायचे नाहीत असं का म्हटलं असेल?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हे मी पाहिलं नव्हतं बघा.” बाहेर पाऊस उघडला होता. रात्रीच्या गाडीनं त्यांना दुसऱ्या गावी जायचं होतं, तिथेही तीन दिवस सभा. त्यांनी तक्ता खाली घेतला, गुंडाळला, मेणकापडात बांधला आणि खांद्याला लावून स्टँडकडे निघाले.